झडतीच्या स्टुलावर

अप्पा,

माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, बदलून टाकू, आता सगळेच बदलतात. मी म्हटलं, बदलायचं मागनं बघू, आधी मला खाली बसता येईल का ते सांगा. तर तो हसला. मला त्याच्या हसण्याचा राग आला आणि मी उठून आले. रिक्षात चढताना पाय काही उचलेना. शेवटी लुगड्यासकट मांडी दोन्ही हातांनी धरून पाय आत घेतला, आणि तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढं उभे राहिलात. तुम्ही अस्साच उचलायचा पाय. पँटीचं कापड चिमटीत धरून, जसं काय ते दुसऱ्या कुणाचं ओझं आहे आणि तुम्ही नुसतं पोचवायला निघालाय. घरी आले, चहा केला, तो प्यायलाच नाही, आणि ही वही काढली. तिसरीपर्यंतच मला शाळेत ठेवलंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

माझे वडील फुटबॉल खेळायचे असं मी कुणाला सांगितलं की लोक विचारतात, कुठं, इंडियातनं? मी म्हणते, मिलमधनं. मग त्यांचं तोंड उतरतं. उतरू दे. त्यांना काय माहीत, मिलच्या टीममध्ये घुसणं म्हणजे काय होतं. तुम्ही मैंदर्गीहून आलात तेव्हा बदली होता. रोज पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत घेणार, नसला तर घरी परत. दीड वर्ष तुम्ही असं दुसऱ्याच्या दुखण्याची वाट बघत उभे राहिलात, हे तुमचेच शब्द. आणि मग जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ सूत गुंडाळून केलेला चेंडू लाथाडताना तुम्हाला कुण्या साहेबानं बघितलं आणि मिलच्या टीममध्ये घेतलं, आणि त्याच महिन्यात परमनंट केलं. रजिस्टरात तुमच्या नावापुढं काम म्हणून लिहिलं, खेळाडू. हजेरी घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या, आणि तीन वाजले की ग्राउंडवर. आईला तिच्या माहेरच्यांनी विचारलं होतं म्हणे, जावई काय काम करतो? ती म्हणाली, पळतो.

सोळा वर्षं तुम्ही डाव्या बाजूचे बॅक होता. सोळा वर्षांत दोन गोल, त्यातला एक आपल्याच बाजूला. हे तुम्ही स्वतः सांगितलं म्हणून ऐकून घेतलं, दुसरा कुणी बोलला असता तर त्याचं काही खरं नव्हतं. गावात तेव्हा मिलींच्या टीमा, रेल्वेची, पोलिसांची, दोन गट असायचे, वरचा आणि खालचा, आणि आपली टीम कायम खालच्यात. एकदा वर गेली आणि पुढच्याच वर्षी सामान आवरून खाली आली. तुम्हाला त्याचं वाईट वाटायचं की नाही हे मला लहानपणी कळायचं नाही. रविवारी हरून आलात तरी पायांच्या पट्ट्या स्वतः धुवायचा आणि दोरीवर एकसारख्या वाळत घालायचा. जिंकून आलात तरी तेच. मला वाटायचं, ह्या माणसाला फरकच पडत नाही. मी मूर्ख होते.

मग शेवटच्या वर्षी उन्हाळ्यातल्या दगडासारख्या ग्राउंडवर तुमच्या गुडघ्यावर दोघं पडले. तीन महिने खाटेवर होता. मिलनं काढलं नाही, मास्तर केलं. पळता येत नाही तर पळायला शिकवा. पण रजिस्टरातलं काम तेच राहिलं, खेळाडू. ते कुणी बदललं नाही, कारण बदलायची कुणाला गरज पडली नाही. पुढं ह्याच एका शब्दानं घोळ केला, पण ते येईल.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. भाकऱ्या कोण थापणार, म्हणून शाळा सुटली. ह्याचा राग माझ्या मनात लई वर्षं होता. गल्लीतल्या सगळ्यांच्या पोरांना तुम्ही चेंडू कसा अडवायचा ते शिकवलं आणि मला चुलीपुढं बसवलं, असं मी अजून म्हणू शकते. पण मोडनिंबचं आठवलं की तोंड बंद होतं. सतरा वर्षांची असताना मला तिथं दिलंत आणि दोन वर्षांत मी परत आले. का आले ते तेव्हाही सांगितलं नाही आणि आताही सांगत नाही. पेटी दारात ठेवून उंबऱ्यात बसले होते. तुम्ही ग्राउंडवरनं आलात, घामानं ओले, पेटी बघितली, मला बघितलं.

"एकटीच आलीस व्हय?"

"व्हय."

"मग ती पेटी आत घे की. वाटंत हाय, माझा गुडघा आदळंल."

संपलं. एवढ्यावर संपलं. शेजारच्या काकूनं दुसऱ्या दिवशी दारात येऊन, पोरीनं का सोडलं, नवऱ्यानं का टाकली, असं उकरायला घेतलं, तर तुम्ही दाढी करता करता म्हणालात, "घर माझं, भाकरी माझी, पोरगी माझी. तुमचं ह्यात काय हाय, सांगा, देऊन टाकतो." काकू पुन्हा चार महिने आली नाही. मला त्या दिवशी हसूही आलं आणि आत जाऊन रडलेही. तुम्हाला फक्त हसलेलं ऐकू गेलं असेल.

तेव्हापासून आपण दोघंच. मी चटणीवाल्या मावशीच्या शेंगा घरी आणून फोडून द्यायचे, बोटं काळी व्हायची. संध्याकाळी किटलीत चहा घेऊन ग्राउंडवर यायचे, कारण तुम्ही सातपर्यंत घरी यायचा नाही आणि पोरांनाही चहा लागायचा. पोरं म्हणायचा खरं तुम्ही, पण त्यातले निम्मे बापे होते, दोघांची लग्नं झालेली. तुम्ही शिट्टी वापरायचा नाही. सराव संपला की दोन्ही हात वर करून कानडीत ओरडायचा, "साकु!" म्हणजे पुरे, आणि तेलुगू, मराठी, मुसलमान, सगळे त्या एका शब्दाला थांबायचे. एकदा मला राहवलं नाही. पुढं खेळणारा एक जण चेंडू धरून बसला होता आणि डावीकडं मोकळा माणूस हात हलवत होता. मी किटली हातात घेऊन ओरडले, "अरे आंधळ्या, डावीकडं दे की!" सगळं ग्राउंड हसायला लागलं. तुम्ही लंगडत माझ्याकडं आलात. सगळ्यांसमोर म्हणालात, "हितं एकच मास्तर असतो. चहा ठेव आणि गप बस." माझे कान तापले. घरी जाताना मी दहा पावलं पुढं चालले. तुम्ही मागनं म्हणालात, "हळू चाल की, गुडघा हाय माझा." मी थांबले नाही. मग थोड्या वेळानं मागनंच आवाज आला, "डावीकडंच द्यायला पायजे होता. त्ये बरोबर होतं तुजं." मग मी थांबले.

आता त्या गुडघ्याचं. तुमची पद्धत अशी होती की सरावाची पहिली फेरी मास्तरनं पोरांच्या पुढं पळायची. मागं राहून हाकणारा मास्तर नव्हे, तो गुराखी, असं म्हणायचा. आणि बारा वर्षं तुम्ही त्या गुडघ्यावर ती फेरी पळालात. दुष्काळाच्या साली ग्राउंडला भेगा पडल्या होत्या, तेव्हाही पळालात. मी निरगुडीचा पाला गरम करून बांधायचे. आधी एक वेळ, मग सकाळ-संध्याकाळ. मग सकाळी तुम्हाला जिना उतरता येईना, बसून एकेक पायरी खाली यायला लागलात, लहान मूल येतं तसं. चाळीच्या संडासात तुम्हाला बसता येत नव्हतं, मी दोन्ही बाजूला विटा रचून दिल्या. लाज कसली, मीच रचणार होते, दुसरं होतं कोण? आणि एवढं होऊन ग्राउंडवर पँट चढवली की तुम्ही पोरांच्या पुढं पळायचा. तोंडावरची शीरसुद्धा हलू द्यायचा नाही. ते मला बघवेना. तुम्हाला माहीत आहे माझा स्वभाव. मला जे बघवत नाही ते मी बघत बसत नाही.

आत्याचं उदाहरण माझ्यापुढं होतं. आत्या रीळखात्यात होती, तिची दोन बोटं मशिनीत गेली, तेव्हा मिलनं तिला हलकं काम दिलं. बायकांच्या गेटवर झडतीला बसवलं. सुट्टी झाली की बायका रांगेनं बाहेर पडायच्या आणि आत्या स्टुलावर बसून त्यांच्या पिशव्या, ओचे बघायची, सूत-कापड चोरून चाललंय का. बसून काम, पगार तोच. आत्या म्हणायची, "बोटं गेली आणि माझं नशीब उघडलं." मिलमध्ये हे ठरलेलं होतं. ज्याचे डोळे गेले त्याला घडीखात्यात, ज्याचा हात गेला त्याला गेटवर. शरीर गेलं तर स्टूल मिळतं, असं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी हिशोब केला तो एवढाच. आत्याला बोटांसाठी स्टूल, तर अप्पाला गुडघ्यासाठी ग्राउंडवर खुर्ची. सांगायचीच खोटी.

वेल्फेअर साहेब त्या संध्याकाळी ग्राउंडवर आले होते, पांढरी पँट घालून, हातात रुमाल. तुम्ही पलीकडच्या टोकाला गोलकीपरला काहीतरी दाखवत होता. साहेबांनी मला विचारलं, "काय, मास्तरांची मुलगी ना तू? तब्येत काय म्हणते मास्तरांची?" असं सगळेच विचारतात, आणि सगळे म्हणतात, बरी आहे. मी म्हणाले, "साहेब, त्यांचा गुडघा पार गेलाय. जिना बसून उतरतात. संडासला बसता येत न्हाय. आत्याला दिलं तसं त्यांना हलकं काम द्या की. पळायला लावू नका." साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. "जिना बसून उतरतात?" म्हणाले. मी म्हटलं, "व्हय, रोज." आणि मला बरं वाटलं. कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं आणि मी बोलले.

दोन दिवसांनी तुम्हाला ऑफिसात बोलावलं. साहेब म्हणाले, खाली बसून उठून दाखवा. बसलात. उठता आलं नाही. दोन कारकुनांनी काखेत हात घालून उठवलं. हे तुम्ही घरी सांगितलं नाही, हे मला आत्याकडनं कळलं. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "काम हलकं केलं माझं. सोमवारपासनं मोठ्या गेटवर, झडतीला." मला इतका आनंद झाला अप्पा, की मी शेंगाच्या पोळ्या करायला घेतल्या. कूट केला, गूळ किसला, तव्यावर तूप सोडलं. तुम्ही अर्धी पोळी खाल्लीत, उरलेली हातात धरून बसलात आणि म्हणालात, "संध्याकाळी ग्राउंडवर कोण जाणार?"

मी म्हटलं, तुम्हीच की. तेव्हा तुम्ही मला समजावून सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. मास्तरची जागा म्हणजे खेळाडूची जागा. रजिस्टरात खेळाडू लिहिलंय. ज्याला हलकं काम लिहून दिलं तो खेळाडू नव्हे, आणि खेळाडू नव्हे तो मास्तर नव्हे. साहेब वाईट नव्हता, साहेबानं कायदा बघितला. टीमसाठी दुसरा माणूस येणार होता, बाहेरगावचा, सर्टिफिकीट असलेला. मी मागितलं तेच मिळालं होतं. फक्त स्टूल ग्राउंडवर नव्हतं, गेटवर होतं. तव्यावरची पोळी जळली, तिचा वास घरभर झाला, आणि तुम्हीच उठून स्टोव्ह बंद केलात.

मी पहिल्या आठवड्यात एकदा तुमचा डबा घेऊन गेटवर आले होते. नको यायला पाहिजे होतं. भोंगा झाला, माणसं रांगेनं बाहेर पडत होती, दोन्ही हात वर करून. तुम्ही स्टुलावर बसून त्यांच्या खिशांवर, कमरेवर हात फिरवत होता. रांगेत तुमचा कॅप्टन आला. तेलुगू माणूस, सहा फूट उंच, तुमच्या हाताखाली नऊ वर्षं खेळलेला. त्यानं हात वर केले आणि म्हणाला, "बघा मास्तर, नीट बघा. एक गोल लपवलाय खिशात." मागचे हसले. तुम्हाला हसवायलाच बोलला बिचारा. तुम्ही त्याच्या खिशांवर हात फिरवलात आणि म्हणालात, "चल, पुढं." वर बघितलंच नाही. मी डबा गेटवरच्या जमादाराकडं दिला आणि मागच्या मागं घरी आले.

पण अप्पा, त्यानंतर जे झालं तेही लिहायला पाहिजे. तुम्ही आता चार वाजता घरी यायला लागलात. आयुष्यात कधी तुम्हाला चार वाजताचं घर माहीत नव्हतं. कुठं बसावं कळायचं नाही. खाटेवर बसायचा, उठायचा, खिडकीत जायचा. मी शेंगा फोडत बसलेली असायचे. एक दिवस तुम्ही माझ्यासमोर बसलात, पाय लांब करून, आणि फोडलेले दाणे फरशीवर मांडायला लागलात. मला वाटलं वेळ जात नाही म्हणून चाळा. तुम्ही म्हणालात, "हे आपले. ही टरफलं म्हंजे रेल्वे. आता सांग, चेंडू हितं हाय, तू काय करशील?" मी म्हटलं, "मी मावशीच्या शेंगा फोडीन." "फोड की, फोडता फोडता सांग." मी एक दाणा पुढं सरकवला. "अगं येडे, मागं कोण राहिलं?" म्हणून तुम्ही हसलात. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसलात.

रोज मग तेच. चारला चहा, आणि दिवेलागणीपर्यंत दाणे आणि टरफलं. जो दाणा चुकीच्या जागी असेल तो तुम्ही तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, ह्याला बाहेर काढला. मावशी एकदा म्हणाली, "तुझ्याकडच्या दाण्याला वजन कसं कमी भरतंय गं?" मी म्हटलं, रेल्वेनं खाल्ले. तिला काही कळलं नाही. मला मात्र खेळ कळला. डावा बॅक कधी पुढं जातो आणि कधी मरायचं झालं तरी जागा सोडत नाही, ते कळलं. पुण्याचंही त्याच दिवसांत कळलं. तुम्ही तरुणपणी पुण्याला निवडीला गेला होता आणि चौथ्या दिवशी परत आलात, एवढंच घरात माहीत होतं. तुम्ही सांगितलंत, तिथं बूट घालून खेळायला लावलं. तुम्ही जन्मात पट्टी बांधून अनवाणी खेळलेले. "बुटात चेंडू कळतच न्हाय. पायाला कानं असतात, ती बुटात बंद होतात. तीन दिवस मी बहिरा होतो," असं म्हणालात. हे तुम्ही आईलाही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. दाणे मांडता मांडता, खाली बघत.

त्याच दिवसांत एकदा मी धीर करून बोलले. म्हटलं, "अप्पा, साहेबाला मीच सांगितलं होतं." तुम्ही टरफल हलवत होता, ते थांबवलं नाही. "ठावं हाय. साहेबच बोलला, तुमची मुलगी हुशार हाय." मी म्हटलं, "मग तुमी मला बोलला का न्हाय?" तुम्ही म्हणालात, "काय बोलू? माझ्या तोंडातनं जे निघत नव्हतं त्ये तुज्या तोंडातनं निघालं. चार वर्षं आधी मीच बोलायला पायजे होतं. आता हितं बघ, तुजा गोलकीपर एकटा पडलाय." झालं. त्यावर पुन्हा आपण कधी बोललो नाही. म्हणून ते माझ्या मनावर नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते उचलून बाजूला ठेवलं.

हे दुसरं तुम्हाला माहीत नाही.

त्या वर्षीची लीग चालू होती. नवीन मास्तर चार महिने टिकला, मग त्याला दुसरीकडं नोकरी लागली आणि तो मधेच गेला. एका शनिवारी तुम्ही दाढी-कटिंगला गेला होता, तेव्हा कॅप्टन आणि गोलकीपर आपल्या दारात आले. आत या म्हटलं तर येईनात. कॅप्टन म्हणाला, "ताई, टीम मोकळी हाय. चार सामने राह्यलेत. चारी जिंकलो तर वरच्या गटात जातोय. मास्तरला सांगा, उद्या ग्राउंडवर या. साहेबाला विचारलंय. त्यो म्हणतो, ड्यूटी संपल्यावर माणूस कुटं बसतो ते मिल बघत न्हाय." गोलकीपर मला आपा म्हणजे ताई म्हणायचा, तो म्हणाला, "कुर्सी हम लाते, आपा. उनो सिर्फ बैठना." मी म्हटलं, "रोज गेटवर भेटतात की, तिथंच सांगा." कॅप्टननं मान खाली घातली. "गेटवर न्हाय. तितं ते आमचे खिसे बघतात. तितं त्यांना मास्तर म्हणून बोलवायला आमालाच कसं तर हुतंय. तुमी सांगा. आले तर आले. न्हाय आले तर आमी समजू, त्यांचं मन न्हाय. परत विचारून त्रास देणार न्हाय."

मी म्हटलं, सांगते.

तुम्ही आलात, मानेवर पावडर, चहा घेतलात, समोर बसलात. आणि मी शेंगांचं पोतं पुढं ओढलं. ओठांवर आलेलं होतं. मी मनात म्हटलं, आजचं होऊ दे, जेवताना सांगू. जेवताना म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी तुम्ही स्वतःहून म्हणालात, आज रविवार, आज दुपारपासनंच मांडू. मग मी काहीच म्हटलं नाही. तुम्ही रेल्वेला तीन-एकनं हरवलं फरशीवर, आणि तिकडं ग्राउंडवर टीम एका गोलनं हरली.

सोमवारपासनं गेटवर पोरांनी थट्टा बंद केली. हात वर करायची, झडती द्यायची आणि जायची. त्यांना वाटलं, मास्तरचं मन नाही. तुम्हाला काही कळेना. शुक्रवारी ताटावर बसून भाकरी मोडलीत आणि तशीच ठेवलीत. "पोरं बोलंनात झालीत माझ्याशी," म्हणालात. "माझं काय चुकलं का गं?" मी म्हटलं, काही नाही, दमलेली असतील. हे मी म्हटलं, अप्पा. तुमच्या तोंडाकडं बघून म्हटलं. शनिवारी तुम्ही शेंगा मांडल्याच नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिलात.

रविवारी सकाळी मी सांगितलं. म्हटलं, "काल कॅप्टन आला होता, तुमी बाहेर गेला होता तेव्हा." काल. तुम्ही शनिवारी दूध आणायला खाली गेला होता, म्हणून ते खपलं. निरोप ऐकलात आणि उठलात. गुडघ्याला हात न लावता उठलात, मी बघत होते.

त्या रविवारचं सगळं गावानं बघितलं. बाजूच्या रेघेवर तुम्ही खुर्चीत, आणि खेळ त्या टोकाला गेला की दोन राखीव गडी खुर्चीसकट तुम्हाला उचलून पळत त्या टोकाला न्यायचे, आणि इकडं आला की इकडं. लोक ओरडत होते, "मास्तरची वरात! मास्तरची वरात निघाली!" आणि तुम्ही वरनं खुर्ची उचलणाऱ्यांना शिव्या घालत होता, "हळू, मेल्यांनो, चहा सांडतोय." सामना जिंकला. पुढचा जिंकला. त्याच्या पुढचाही. मी किटली घेऊन उभी असायचे. एकदाही ओरडले नाही. ओरडायची गरजच नव्हती, तुम्ही जे ओरडायचा ते मला आधीच कळायचं.

तीन जिंकले, आणि वरच्या गटात जायला एक सामना कमी पडला. शेवटच्या सामन्यानंतर पोरं तुम्हाला घरापर्यंत सोडायला आली होती. जिन्यात तुम्ही कॅप्टनला म्हणालात, "एक आठवडा आधी बोलावलं असतं तर, लेका." कॅप्टननं तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर दिवा धरून उभी होते. तो म्हणाला, "चुकलं, मास्तर. आमचंच चुकलं." आणि उतरून गेला. त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. आता त्याची कंबर वाकलीय, मंडईत भेटतो, ताई, बरं हाय का, म्हणतो. मी व्हय म्हणते. त्या माणसाच्या डोळ्यांत मला अजून नीट बघता येत नाही.

पुढच्या वर्षी मिलनं टीमच बंद केली. मग तुम्हीही लई दिवस राहिला नाहीत. शेवटच्या आजारात तुम्ही शेजाऱ्याला सांगत होता, माझी पोरगी लई सरळ, पोटात काही ठेवत न्हाय. मी मोरीत भांडी घासत होते. नळ मोठा सोडला.

हे पाठवायची काही सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. समोर असता, तर बोलले असते का? नाही. साहेबाला बोलता आलं, तुम्हाला आलं नसतं. तुमचा वरचा गट मी घालवला, हे मी मान्य करते, आणि त्याचं वाईट वाटतं म्हणूनच एवढं खरडलं. पण शेवटचं एक खरं लिहिते आणि वही मिटते. त्या आठ दिवसांतली ती रविवारची दुपार, तुम्ही जेवण झाल्या झाल्या माझ्यासमोर येऊन बसलात आणि फरशी हातानं पुसून म्हणालात, चल, मांड, ती मला कुणी परत मागितली ना अप्पा, तर मी अजूनही देणार नाही.